बदल नाही

आमच्या बँकेत पेन्शन घ्यायला येणाऱ्या मंडळींत १ जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की, त्या दिवशी महाराष्ट्रात पाळणे कमी पडले असावेत अशी एखाद्याची समजूत व्हावी. खरा प्रकार निराळा आहे. त्या काळी मुलाला शाळेत घालणं म्हणजे त्याला दंडाला धरून मास्तरांपुढे उभं करणं. मास्तर म्हणायचे, "उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर." कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं! आईला जन्मतारीख विचारली तर ती सांगणार, "मोठा पूर आला होता ना, त्या साली." पुराची तारीख कोण शोधत बसणार? मास्तर १ जून ठोकून द्यायचे आणि पोरगं पाच मिनिटांत वर्गात. झेरॉक्स नाही, फोटो नाही, आईचा रक्तगट नाही.

ते दिवस परत यावेत असं माझं म्हणणं नाही. त्याच मास्तरांच्या कृपेने काही जण सहा-आठ महिने आधीच रिटायर झाले आणि अजून माझ्या कौंटरवर येऊन मास्तरांचा उद्धार करत असतात. पण निदान कान तरी एकदाच धरावा लागायचा.

गेल्या जूनमध्ये आमचं कन्यारत्न चौथीतून पाचवीत गेलं. शाळा तीच, इमारत तीच, फक्त एक जिना चढून वर. त्या एका जिन्यासाठी चार पानी अर्ज आला. विद्यार्थिनीचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, मातृभाषा (चौथीनंतर मातृभाषा बदलते की काय?), जन्मस्थळ, ओळखीची खूण, वार्षिक उत्पन्न आकडी आणि अक्षरी. नावासाठी २४ चौकोन. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं आहे. चांगलाच निर्णय आहे, पण ती मुलं शाळेत येतील तेव्हा आडनाव चौकोनांबाहेर समासात राहायला जाणार.

मग नंबर. आधार १२ आकडी, अपार १२ आकडी आणि 'पेन' ११ आकडी. हे पेन म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक, शाई नाही. पेनने फॉर्म भरायचा आणि फॉर्ममध्ये पेन भरायचं. जातीच्या कारकुनाला बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. केली. ३५ आली. म्हणजे काठावर पास.

"अहो, आपल्या दोघांचे फोटो कशाला हवेत? शाळेत ती जाणार आहे ना?" सौ.ने रास्त शंका काढली. ती घेऊन मी शाळेच्या ऑफिसात गेलो.

ऑफिसातले भाऊसाहेब माणूस वाईट नाहीत. त्यांच्या पाठीमागे लोखंडी कपाट, कपाटात जनरल रजिस्टर, आणि त्या रजिस्टरात माझ्या मुलीची जात, धर्म, जन्मतारीख, सगळं पहिलीपासून त्यांच्याच सुवाच्य अक्षरात बसलेलं.

"भाऊसाहेब, हे सगळं तुमच्याकडे आहेच की."

"आहे."

"मग पुन्हा कशाला?"

"सिस्टिम मागते."

मी गप्प बसलो. हे वाक्य मी स्वतः दिवसाला चाळीस वेळा म्हणतो, त्याची ताकद मला ठाऊक आहे. त्यापुढे गिऱ्हाईक टिकत नाही.

पण घरी येताना डोकं चालू झालं. आमच्या बँकेला लोक नावं ठेवतात, के.वाय.सी.चं नाव काढलं की तोंड फिरवतात. तरी आमचा नियम बघा. कमी जोखमीच्या ग्राहकाचे कागद १० वर्षांनी एकदा तपासायचे, मध्यम जोखमीच्या ग्राहकाचे ८ वर्षांनी, आणि ज्याच्याकडे पाहून मॅनेजरसाहेबांना घाम फुटतो त्या उच्च जोखमीच्या ग्राहकाचे २ वर्षांनी. आमच्या मुलीचे दर १२ महिन्यांनी! वय वर्षे १०, एकूण मालमत्ता एक कंपासपेटी. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्टच सांगितलं की, ग्राहकाच्या माहितीत काही बदल झाला नसेल तर त्याने तसं नुसतं कळवलं तरी पुरे. 'बदल नाही.' दोन शब्द आणि खाली सही. हे शाळेला का जमू नये?

इथवर प्रकार करमणुकीचा होता. माझा त्रास तो काय? शनिवारची एक दुपार आणि झेरॉक्सचे काही रुपये.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींनी त्याच सुमारास नातीला बीडकडच्या गावाहून इकडे आणलं. पोरीचे आईबाप ऊसतोडीला जातात. त्यांच्यामागे फिरण्यापेक्षा आजीपाशी राहून शिकेल, असा हिशेब. तीही पाचवीतच. मावशी तिला घेऊन आमच्याच शाळेत गेल्या. ऑफिसने सांगितलं, जुन्या शाळेचा दाखला आणा. मे महिना, गावच्या शाळेला सुट्टी, मुख्याध्यापक बाहेरगावी. शाळा उघडली तर दाखल्यावर सही करणारे गुरुजी ट्रेनिंगला. आषाढी आली तरी दाखला येईना. पोरगी रोज मावशींबरोबर यायची आणि आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आमच्या कन्येची पुस्तकं वाचायची. आमची कन्या शाळेतून आल्यावर तिला विचारायची, "आज काय शिकवलं?" म्हणजे उलटंच! जी शाळेत गेली ती, न गेलेलीला.

"दादा, कागदाचं काही जमंल का तुमच्या बँकेतनं?" मावशींनी विचारलं. गरीब माणसाला वाटतं, सगळे कागद एकाच कपाटातून निघतात.

बी.कॉम.ला आम्हाला व्यापारी कायदे होते, शिक्षणाचे नव्हते. तरी हुडकलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या पाचव्या कलमात सरळ लिहिलं आहे की, दाखला यायला उशीर झाला या कारणावरून दुसऱ्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही आणि नाकारायचाही नाही. चौदाव्या कलमात वयाच्या पुराव्याचं तेच. म्हणजे आत आधी मुलगी, मागाहून कागद. आपल्याकडे गेली कितीतरी वर्षं हा कायदा आहे आणि दारात मात्र अजून कागदच पुढे, मुलगी मागे.

ते पान छापून घेऊन मी मावशी आणि नात यांच्यासह मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. बाईंनी चष्मा चढवला, पान दोनदा वाचलं, मग पोरीकडे पाहिलं. "नऊचा पाढा येतो?" पोरीने नऊचा म्हटला आणि कुणी न विचारता तेराचाही म्हणून टाकला. बाई भाऊसाहेबांना म्हणाल्या, "हिला आज वर्गात बसवा. दाखला मागून घ्या, आपणच पत्र पाठवू." दोघी आता एकाच बाकावर बसतात. तेराचा पाढा आमच्या घरात अजून एकीलाच येतो, आणि ती आमची नव्हे.

बाई खुशीत दिसल्या म्हणून मी आपली सूचना पुढे केली. पुढल्या जूनला जुन्या मुलांना चार पानं देऊच नका. जनरल रजिस्टरातली माहिती छापून घरी पाठवा, पालक वाचतील, पत्ता किंवा फोन बदलला असेल तेवढाच दुरुस्त करतील, नाहीतर 'बदल नाही' लिहून सही करतील. भाऊसाहेबांचे वाचलेले दिवस नव्या मुलांना द्या. ज्यांचे कागद गावाकडे अडकलेत त्यांच्या शाळांना फोन लावायला.

बाईंना पटलं. भाऊसाहेबांना तर इतकं पटलं की ते खुर्चीवरून उठलेच.

"उत्तम कल्पना आहे. अगदी राबवण्यासारखी," ते म्हणाले. "तेवढं लेखी द्या. दोन प्रतींत. आणि पालक म्हणून देताय ना? मग आधारची झेरॉक्स जोडा."