थंडीत चिकटणारी साडी

मार्गशीर्ष लागून हवा कोरडी पडली, की आमच्या सौ.ची तक्रार सुरू होते, "अहो, ही साडी बघा कशी पायाला चिकटते!" तुमच्याही घरी हे होत असेलच. रात्री अंधारात स्वेटर काढताना तडतड आवाज येतो, बारीक ठिणग्याही दिसतात. आमच्या आत्याबाई याला अंगातली उष्णता म्हणत. उष्णता कसली, ती वीज! दोन कापडं घासली, की एकावरची थोडी वीज दुसऱ्यावर जाते आणि मग ती एकमेकांना ओढतात. सुती कापड हवेतली ओल धरते, त्या ओलीवाटे वीज निघून जाते. पॉलिएस्टर ओल धरत नाही, म्हणून तिथे ती साचते. पावसाळ्यात हीच साडी मुकाट असते, ती हवेतल्या ओलीमुळेच. आतून ओला हात फिरवावा, साडी सुटते.

साडीचे एवढे काही नाही हो. पण फवारणीच्या पंपासाठी आपण कॅनमधून पेट्रोल आणतो, तिथे मात्र जपा. नळीतून वाहणाऱ्या पेट्रोलनेही अशीच वीज साचते, आणि पेट्रोलच्या वाफेला एक बारीक ठिणगी पुरते. साधे प्लॅस्टिक ती वीज जमिनीत जाऊ देत नाही. म्हणून धाकट्याला मी बजावले आहे : कॅन पत्र्याचा घे, ट्रॉलीत किंवा मोटारसायकलवर ठेवून भरू नकोस, खाली जमिनीवर ठेव, आणि भरेपर्यंत नळीचे तोंड कॅनच्या कडेला टेकलेले असू दे. तो हसतो, पण कॅन खाली ठेवतो.