मॅगझिन कोणाच्या हाती? काळ्या दारूची बंदूक आणि एक पिढी मागे ठेवलेला शिपाई

१/ पिंपरी-चिंचवडहून पुण्याकडे येताना दापोडीपुढे मुळा ओलांडली की खडकी लागते. येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. त्या काळातील लष्करी बंदुकीची गोष्ट ही धुराची, काजळीची आणि अविश्वासाचीही गोष्ट आहे.

२/ सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू पेटली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. काही धूर होऊन हवेत पसरतो, काही काजळी होऊन नळीत चिकटतो. चार-दोन बार होताच शिपायाला समोरचे दिसेनासे होई आणि शत्रूला मात्र त्याची जागा कळे.

३/ १८७१ ची मार्टिनी-हेन्री याच दारूची बंदूक. दस्त्यामागची तरफ खाली ओढायची, एक काडतूस भरायचे, तरफ वर घ्यायची, चाप ओढायचा. सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सुटे आणि खांद्याला जबर धक्का बसे. प्रत्येक बारानंतर पुन्हा हात काडतुसांच्या पिशवीकडे.

४/ अनेक काडतुसे पोटात ठेवणारी बंदूक तेव्हा अज्ञात नव्हती. १८७७ मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी दूरच्या माऱ्यासाठी मार्टिनी पद्धतीची, तर जवळ आलेल्या रशियनांसाठी विंचेस्टर ही आवर्ती बंदूक वापरली. रशियनांची अपरिमित हानी झाली आणि युरोपातील सेनापती खडबडून जागे झाले.

५/ ब्रिटनने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड स्वीकारली. ०.३०३ इंचाची बारीक नळी, बोल्ट आणि ८ काडतुसांचे मॅगझिन. दारू मात्र अजून काळीच, दाबून घट्ट केलेली. बारीक नळी काजळीने लवकर भरते, म्हणून मेटफर्डने नळीतील ७ आटे उथळ आणि गोलसर ठेवले होते.

६/ या बंदुकीला एक पत्रा होता. तो आत सरकवला की मॅगझिन बंद. शिपायाने एकेक काडतूस हाताने भरावे आणि मॅगझिन आणीबाणीसाठी राखावे, अशी शिकवण होती. आवर्ती बंदूक दिली, पण आवर्तनाची परवानगी अधिकाऱ्याच्या हुकमात ठेवली.

७/ लवकरच धूररहित कॉर्डाइट आले. धूर सरला, पण त्याच्या प्रखर उष्णतेने ते उथळ आटे झिजू लागले. काजळीवरचा इलाज नव्या दारूपुढे निरुपयोगी ठरला. १८९५ ची ली-एनफील्ड ५ खोल आटे घेऊन आली.

८/ आता खरा प्रश्न. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक देण्याचे धोरण ठेवले. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा हिंदी शिपायाच्या हाती स्नायडर होती. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा त्याच्याकडे मार्टिनी गेली. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान लढून पडले, ते एकबारी मार्टिनी घेऊनच.

९/ त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली. त्यांच्या हाती पिस्तूल होते. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे बंद केले होते. जी सत्ता आपल्या शिपायाला मॅगझिन द्यायला कचरत होती, ती प्रजेला साधी बंदूक तरी कशी देणार?

१०/ १९१४ मध्ये हिंदी सैन्य फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्या जुन्या बंदुका काढून घेऊन नव्या देण्यात आल्या. साम्राज्याला माणसांची निकड भासली, तेव्हा विश्वास आठवला.

११/ म्हणून संग्रहालयात जुनी बंदूक दिसली तर नळीचा व्यास आणि आटे जरूर पाहावेत. पण एक प्रश्न सोबत न्यावा. ही बंदूक त्या साली कोणाच्या हाती होती, आणि कोणाच्या हाती मुद्दाम दिली गेली नव्हती?