पळस आणि पांगारा

वर्गात वसंत ऋतू शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पळसावर तर मी तासभर न थांबता बोलतो! म्हणूनच गेल्या फाल्गुनात सहकुटुंब सिंहगड चढताना लाल फुलांनी पेटलेले झाड दिसताच चिरंजिवांना ऐटीत म्हणालो, "बघ, हा पळस!"

सौ. मागून शांतपणे म्हणाली, "खोडाला हात लावून बघा बरं."

लावला, आणि काटा बोटात रुतला.

"पळसाला काटे नसतात. हा पांगारा. आमच्या आगरात मिरीचे वेल ह्याच्यावरच चढवायचे."

मुले खो खो हसली. मीही हसलो, पण अठरा वर्षांच्या संसारात हे आगर मी प्रथमच ऐकत होतो. तिने सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ती सुईने काटा काढू लागली. मी विचारले, "आणि पळस कुठं होता गं?"

सुई क्षणभर थांबली. मग ती विहिरीपलीकडचा पळस, पत्रावळी लावणारी आजी, असे कितीतरी सांगत राहिली. काटा केव्हाच निघाला होता. तपासायचे पेपर टेबलावर तसेच पडले होते. मी मात्र हात मागे घेतला नाही.