मंडलपट्टीचा चिखल आणि गाडीची आंघोळ

कूर्ग म्हटलं की कॉफीचे मळे, धबधबे आणि होमस्टेतला गरमागरम नाश्ता डोळ्यांसमोर येतो. पण मडिकेरीहून मंडलपट्टीला निघालात, तर सहलीतलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र असतं चिखलाने माखलेली एखादी जुनी फोर बाय फोर जीप किंवा पिकअप. २००८ सालच्या ‘गाळिपट’ या कन्नड सिनेमात ही जागा ‘मुगिलपेटे’, म्हणजे ढगांची पेठ, म्हणून दिसली आणि पर्यटकांची रीघ लागली. शेवटचा टप्पा मात्र इतका खडकाळ आणि निसरडा आहे, की शहरातली गाडी खालीच ठेवावी लागते.

आमच्या पिकअपच्या चालकाला सगळे ‘अण्णा’ म्हणत होते, मग आम्हीही म्हणू लागलो. चढाला लागण्यापूर्वी अण्णांनी टायरमधली थोडी हवा सोडली. टायर पसरट झाला की चिखलात पकड चांगली बसते. मळ्यांमधल्या वाटांवर जोरदार पावसात इथले लोक चाकांना लोखंडी साखळ्याही बांधतात. डांबरी रस्ता आला की साखळ्या काढायच्या आणि हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर लवकर जातो.

परतताना एका ओढ्यापाशी त्यांनी गाडी थांबवली आणि चक्क दहा मिनिटं नुसते उभे राहिले. आम्हाला वाटलं, फोटोसाठी थांबलेत! कारण वेगळंच होतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. चढ-उतारात तो तापतो. तसाच गार पाण्यात घातला, तर आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. म्हणून त्याची हवेची नळी अण्णांनी वर इंजिनाजवळ नेऊन बांधली होती. आतलं तेल दुधाळ कॉफीसारखं दिसलं, की समजायचं पाणी शिरलं. मग तेल बदलायलाच हवं. ओढा ओलांडल्यावर थोडं अंतर ते हलका ब्रेक दाबत हळूहळू गेले, ब्रेक सुकावेत म्हणून.

संध्याकाळी होमस्टेच्या अंगणात गाडीची आंघोळ सुरू झाली आणि ती जवळजवळ तासभर चालली. गंमत म्हणजे बॉनेटवर पाण्याचा हबका अगदी शेवटी पडला. आधी सगळा वेळ गाडीच्या पोटाखाली. चासीच्या कोपऱ्यात, डिझेलच्या टाकीमागे, मडगार्डच्या आत चिखल बसतो. तो वरून वाळलेला दिसला, तरी आतून ओलाच राहतो आणि तिथूनच पत्रा सडायला लागतो. रिंगच्या आत साचलेला चिखल तर दुसऱ्या दिवशी हायवेवर स्टिअरिंग थरथरवतो. ब्रेकच्या ड्रममध्ये राहिलेले खडे लायनिंग खाऊन टाकतात. रेडिएटरच्या जाळीवर मात्र जोराचा फवारा मारायचा नाही, तिची नाजूक पाती वाकतात. इंजिनाच्या बाजूने हलकं पाणी सोडून आतला चिखल बाहेर ढकलायचा. धुणं झालं, की सांध्यांमध्ये नवीन ग्रीस. जुनं, मातकट ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारत राहायचं. हे काम कंटाळवाणं आहे खरं.

पावसाळ्यापूर्वी गाडीला खालून गंजरोधक काळा थर देण्याची पद्धत सगळीकडे आहे. अण्णांचा त्यावर फारसा भरवसा नाही. मातीवर किंवा गंजावर तो थर बसला, तर ओल आतच कोंडते आणि पत्रा खाते, वरून मात्र सगळं छान काळंभोर! मला त्यांचं पटलं. थर द्यायचाच असेल तर आधी गाडी खालून खरवडून, धुऊन, पूर्ण सुकवून घ्या.

इतकी काळजी फक्त पर्यटकांच्या भाड्यासाठी नसते. कोडगू जिल्ह्यात रेल्वे नाही, मळ्यांतली घरं एकमेकांपासून लांब आहेत आणि मडिकेरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिलिंडर, खत, कॉफीची पोती, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा माणूस, सगळं याच गाड्यांतून जातं. ऑगस्ट २०१८च्या अतिवृष्टीत मडिकेरीजवळच्या मक्कंदूर, मुक्कोड्लू, जोडुपाल या भागांत दरडी कोसळल्या, घरं गेली, रस्ते तुटले. तुटलेल्या रस्त्याच्या पुढे असलेल्या घरात म्हातारे आई-वडील असतील, तर ब्रेक कालच तपासले होते की नाही, यावर किती अवलंबून असेल!

तुम्ही मंडलपट्टीला जाणार असाल, तर भाडं ठरवण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. टायरच्या नक्षीत बोटाचं पेर रुतत नसेल, चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळलेलं दिसत असेल किंवा चिखलाचे आठवडाभराचे थर असतील, तर सरळ दुसरी गाडी बघा. मुलांना मागच्या उघड्या भागात उभं करू नका, कितीही हट्ट केला तरी. मुसळधार पावसात ही वाट बंदही ठेवली जाते, त्यामुळे आदल्या दिवशी होमस्टेत चौकशी करा. आणि पहाटेच निघा. नऊनंतर वर गाड्यांचीच पेठ भरते.