परत आलेलीं पुस्तकें

सासरीं गेलेली लेक चार दिवस माहेरीं आली म्हणजे घरांत गोडधोड होतें. परंतु विक्रीस धाडलेलें पुस्तक प्रकाशकाच्या घरीं परत आलें, कीं त्याच्या कपाळास आठी पडते. नवें पुस्तक निघाल्याचें वाचकांस कळतें; त्याच्या परतीच्या प्रवासाची वार्ता सहसा त्यांच्या कानीं जात नाहीं. आम्ही जाफराबादेस पुस्तकांचें लहानसें दुकान चालवितों, म्हणून ती आम्हांस पुरेपूर ठाऊक आहे.

पुस्तकें दोन बोलींनीं येतात. एक रोखीची : घेतलें तें आपलें, मग तें खपो वा वाळवी खावो. दुसरी परतबोलीची : खपेल त्याचे पैसे भरावे, उरेल तें मुदतींत परत करावें. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांतील २४ वें कलम याच बोलीविषयीं आहे. मुदतींत नकार न कळविल्यास माल घेणाराचा झाला, असें तें सांगतें. त्याच सुमारास अमेरिकेंत मंदीनें गांजलेल्या दुकानदारांस सायमन अँड शूस्टर या प्रकाशकांनीं परतीची मुभा दिली, आणि तीच पुढें तिकडील धंद्याची रीत झाली.

तालुक्याच्या गांवीं या मुभेचें मोल विशेष. पंचांगें आणि परीक्षांचीं पुस्तकें आपल्या पायांनीं खपतात. नवख्या कवीच्या पांच प्रती मात्र आम्ही परतबोलीवरच मांडूं शकतों.

पण परतीची वाट सोपी नाहीं. जाफराबादेस रेल्वे नाहीं. गठ्ठा मोटारीनें जालन्यास न्यावा, तेथून पुण्यास रवाना करावा. येतांना भाडें, जातांना भाडें. मिळावयाचा वटाव या दोहोंतच विरतो. दिवाळी अंकांची प्रथा 'मनोरंजन'नें १९०९ सालीं पाडली, आणि तो पुस्तकविक्रेत्यांचा मोठा हंगाम ठरला. परंतु सण सरला कीं अंक शिळा, व शिळ्या अंकाच्या रद्दीहून त्याच्या परतीचें भाडें भारी.

एकदां एका प्रकाशकानें आमचा परतीचा गठ्ठा तसाच माघारी धाडला. कारण काय, तर प्रतींचे कोपरे मुडपले होते आणि वेष्टणांवर बोटांचे ठसे होते. ठसे होते खरे! कॉलेजांतील चार मुलांनीं तीं पुस्तकें उभ्या उभ्या वाचलीं होतीं. एकानें तर तीन दिवस येऊन एक कथा संपविली. खिशांत पैसे नव्हते, एवढाच त्यांचा दोष. ज्या पुस्तकास कोणाचा हातच लागला नाहीं, तें कोरें करकरीत परत जातें व त्याचे पैसे वळते होतात. ज्यास वाचक भेटला, तें मात्र नापास! पुढें आम्हीं त्या प्रती निम्म्या किमतीस मांडल्या. महिन्याभरांत सहा गेल्या, त्यांतील एक त्या कथा संपविणाऱ्या मुलानें नेली.

म्हणून आमचें मागणें इतकेंच : मुदत स्पष्ट लिहावी, परतीचें भाडें उभयतांनीं निम्मेंनिम्म सोसावें, आणि हाताळलेली प्रत कमी किमतीस गांवांतच विकण्याची मोकळीक द्यावी. एरवीं खपत नाहीं म्हणून पुस्तक येत नाहीं, आणि येत नाहीं म्हणून खपत नाहीं. आणि गांवास वाचनाची गोडी नाहीं, हा बोल मात्र त्या मुलांच्या माथीं येतो.