इंजिन एअर घेतंय

आमच्या अँबॅसॅडरच्या जुन्या इंजिनाला व्हॅक्यूमची म्हणून एकच नळी होती. कार्बोरेटरपासून डेल्कोपर्यंत, म्हणजे डिस्ट्रिब्युटरपर्यंत गेलेली, काडीसारखी बारीक, धातूची. 1983 च्या मार्क 4 ला तेवढी पुरायची. 1489 सीसीचं ते इंजिन तिसऱ्यांदा खोलायची वेळ आली तेव्हा बाबांनीच हात टेकले. मी कुर्ल्याच्या भंगारातून काँटेसाचं 1817 सीसीचं इसुझू इंजिन गिअरबॉक्ससकट उचललं आणि टेम्पोत घालून कोल्हापूरला आणलं. हेच इंजिन हिंदुस्थान मोटर्सने पुढे स्वतःच अँबॅसॅडरमध्ये घालून ती गाडी 1800 आयएसझेड म्हणून विकली होती, त्यामुळे ते बसेल का, ही धास्ती नव्हती. आरटीओची परवानगी, माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्ट, सगळं दोन-अडीच महिन्यांत उरकलं. ब्रेकला काँटेसाचा बूस्टर बसवला, ते वेगळंच पुराण आहे. अडलो ते नळ्यांपाशी.

भंगारवाल्याने इंजिन काढताना नळ्या सोडवायचा त्रास घेतला नव्हता, ब्लेडने कापल्या होत्या. मॅनिफोल्डवर आणि कार्बोरेटरवर जिकडेतिकडे निप्पल, आणि प्रत्येकावर रबराचा एक बोटभर थुटका. ओळखीतल्या एकाची काँटेसा गावातच होती. तिचं बॉनेट उघडून मी तीसेक फोटो काढले, घरी येऊन कागदाच्या चिकटपट्टीवर नंबर घातले आणि उद्यमनगरातल्या शेडमध्ये ऐटीत कामाला लागलो. तासाभरात ऐट उतरली. काँटेसातली जाड नळी डावीकडे वळून बूस्टरला जात होती. आमचा बूस्टर भलतीकडेच. तिच्यात एसी होता, आमच्यात नाही. फोटोत नळी कुठून कुठे गेली ते दिसत होतं, ती तिकडे का गेली ते दिसत नव्हतं.

तरी जोडलं. बूस्टरला जाड नळी, बाकीच्यांना घरात मासे पाळायचो तेव्हाची उरलेली पारदर्शक नळी. एसी लागला की आयडलिंग वाढवणाऱ्या डायफ्रामची नळी जिथून निघायची, ते निप्पल सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब गाठ मारून बंद केलं. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी.

चावी फिरवली. इंजिन लगेच लागलं, पण रेस आपोआप वर-खाली, वर-खाली, कुणी झोपेत घोरावं तशी. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगड. कुठूनतरी बारीक ‘स्स्स’ येत होतं. मिस्त्रीमामा विडी बाहेरच विझवून आत आले, कान तिरका केला आणि म्हणाले, "एअर घेतंय ओ हे."

मामांनी बाटलीत साबणाचं पाणी घेतलं आणि मॅनिफोल्डच्या कडेकडेने थेंब सोडत गेले. पंक्चरवाला बुडबुडे शोधतो, इथे उलटं. आत ओढ असते, पाणी गायब होतं आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. तो बदलला माझ्या व्हॉल्व्ह ट्यूबपाशी. पेट्रोलच्या वाफेने ती फुगून सैल झाली होती. माशांची नळीही गरमीने मऊ पडून वळणावर चपटी झाली होती, आतल्या ओढीने दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या. "मासं मेलं बघा," मामा म्हणाले. मग दुकानातून खरी व्हॅक्यूमची नळी आणली, जाड भिंतीची. एसीच्या निप्पलला तिचा तुकडा, त्यात बोल्ट, वरून क्लिप.

‘स्स्स’ थांबलं. रेस मात्र चढीच.

हे कोडं डेल्कोचं होतं. कार्बोरेटरमधला बटरफ्लाय मिटलेला असताना त्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, ओढ सगळ्यात जास्त असते. डेल्कोची नळी ज्या छिद्राला हवी ते बटरफ्लायच्या जरा वर असतं. आयडलिंगला तिथे ओढ जवळजवळ नाही. पाय थोडा दाबला की बटरफ्लाय त्या छिद्रावरून सरकतो आणि ओढ सुरू होते. हलक्या भारावर मिश्रण सावकाश जळतं म्हणून ठिणगी लवकर लागते, ती सोय या ओढीने होते. पाय पूर्ण दाबला की ओढ पडते आणि ठिणगी मागे येते. मी नळी थेट मॅनिफोल्डला जोडली होती, म्हणजे नुसतं उभं असतानाही टायमिंग पुढे. दोन निप्पलांत अंतर चार बोटांचं. मामांनी नळी बदलली, मग ती काढून, तोंड बंद करून टायमिंग लावलं आणि पुन्हा जोडली. रेस खाली आली. सगळ्या खटाटोपातली हीच पाच मिनिटं मला अजून आठवतात, कारण त्यानंतर मी फोटो बघणं बंद केलं.

ब्रेकचं कारण लाजिरवाणं होतं. बूस्टरच्या नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह मी उलटा घातला होता. मामांनी तो काढून माझ्याच हातात दिला, "फुंका." बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा इंजिनाकडे पार व्हायला हवी, उलट बाजूने अडायला हवी. अगदी विरुद्ध होत होतं. सरळ बसवला. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहादा मारलं, पाय तसाच दाबून ठेवून चावी फिरवली, आणि पेडल पायाखालून अलगद खाली गेलं.

व्हॅक्यूमचा गेज लावला. सुई स्थिर, सोळा-साडेसोळा इंच. पुस्तकात निदान सतरा हवेत, म्हणून मी पुन्हा नळ्या चाचपायला लागलो. मामा हसले. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. सुई बरोबरच होती.

रविवारी जोतिबाला निघालो. जाताना मी चालवली, उतरताना बाबांनी हट्टाने स्टिअरिंग घेतलं. चाळीस वर्षं त्यांनी त्या गाडीचा ब्रेक अख्खी मांडी लावून मारला होता. केर्लीजवळ म्हैस आडवी आली आणि त्यांनी सवयीने तसाच मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, मागच्या सीटवरच्या आईच्या हातातली गुलालाची पुडी पुढे उडाली.

"अरे, याला नुसता पाय दाखवायचा की काय?" बाबा गुलाबी तोंडाने म्हणाले.

म्हैस निघून गेली. डॅशबोर्डच्या फटीतला गुलाल अजून निघालेला नाही.