अक्षर आणि आज्ञा

चिन्हाला स्वतःचा असा अर्थ नसतो, तो संकेताने लाभतो, हे विधान चिन्हमीमांसेच्या पहिल्याच तासाला मी अनेक वर्षे करीत आले आहे. परभणी जिल्ह्यातील पदव्युत्तर वर्गासमोर सोस्यूरची मांडणी करताना उदाहरण बहुधा 'झाड' या शब्दाचेच असते. विद्यार्थी ते मान्य करतात. पण संकेत बदलला तर काय हरपते, याचा प्रत्यय त्यातून येत नाही. मला तो आला संगणकाच्या पडद्यावर, आणि तोही जात्यावरच्या ओव्यांच्या निमित्ताने.

या ओव्या गंगाखेडच्या, म्हणजे जनाबाईच्या जन्मगावाच्या, परिसरातल्या. प्रथम त्या हाताने उतरवल्या गेल्या, मग एका टंकनकेंद्रात कृतीदेव फॉन्टमध्ये टंकित झाल्या, आणि पुढे ती फाईल कोणीतरी जशीच्या तशी ब्राउझरमध्ये वाचण्यासाठी ठेवली. पडद्यावरची अक्षरे स्वच्छ होती, पण काही ओव्या मध्येच तुटत होत्या. या तुटण्याला विलक्षण नियमितता होती. 'ढाळज', 'ढग', 'ढेकूळ' असा एखादा शब्द आला की तेथून मजकूर नाहीसा होई, आणि पुढे कोठेतरी 'झ' येऊन गेल्यावरच पुन्हा दिसू लागे. एका बाईच्या ढाळजेत शिरलेला वाचक दुसऱ्याच बाईच्या झाडापाशी बाहेर पडे, आणि त्या झाडाचाही 'झ' गळालेला असे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षर केवळ डोळ्यांपुरते असते. साठवणीत असतात ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवतो. या वाटणीत 'ढ'च्या वाट्याला गणितातले 'पेक्षा लहान' हे चिन्ह आले आणि 'झ'च्या वाट्याला 'पेक्षा मोठे' हे. एचटीएमएल या पृष्ठरचनेच्या भाषेत मात्र नेमक्या याच दोन चिन्हांना विशेष अधिकार आहे. पहिल्याने आज्ञा सुरू होते, दुसऱ्याने संपते. ब्राउझर साठवणीतली चिन्हे वाचतो, त्यांवर चढवलेले रूप नव्हे. 'ढग' या शब्दात त्याला आज्ञेचा आरंभ आणि एक रोमन अक्षर दिसते. अशी आज्ञा त्याला ठाऊक नसते, आणि अनोळखी आज्ञा मुकाट्याने बाजूला सारावी असा त्याचा रिवाज आहे. त्यामुळे चूक झाल्याची सूचना मिळत नाही. ज्याला मूळ ओवी माहीत नाही, त्याला काही हरवले आहे असे कळण्याचाही मार्ग नाही.

यातला अर्धा प्रश्न आता सुटला आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते, आणि त्या तिन्हींपैकी एकही बाइट रोमन गटातल्या चिन्हाशी जुळू शकत नाही. 'ढ' आता कोणाच्या वेषात वावरत नाही. 'जनी' हे नाव २३३२, २३४४, २३६८ या तीन अंकांनी निःसंदिग्धपणे नोंदवता येते.

उरलेला अर्धा प्रश्न मात्र कोणत्याही लिपीचा आहे, आणि साहित्यविचाराला तोच अधिक जवळचा आहे. मजकुरातच खरोखर 'पेक्षा लहान' हे चिन्ह असेल तर काय करावे? परक्याने लिहिलेला मजकूर निष्काळजीपणे पृष्ठात मिसळला, तर त्यात दडवलेली आज्ञा वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये अंमलात येते. २००० साली या धोक्याला 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' हे नाव मिळाले. यावर सोपे वाटणारे उपाय दोन : मजकुरावर विश्वास टाकावा, किंवा संशयास्पद चिन्हे खोडून टाकावीत. तिसरा उपाय संकेतनाचा. चिन्हाच्या जागी त्याचे नाव लिहायचे : अँपरसँड, मग एल आणि टी ही अक्षरे, मग अर्धविराम. ब्राउझर हे नाव वाचून चिन्हाची आकृती दाखवतो, पण तिची आज्ञा पाळत नाही. अक्षर राहते, त्याचा अधिकार तेवढा स्थगित होतो.

शब्दाचा उपयोग आणि शब्दाचा उल्लेख यांतला हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही. व्याकरणात शब्दाने त्याच्या अर्थाचा नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या रूपाचा बोध होतो, पारिभाषिक संज्ञांचा अपवाद सोडून, असा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात घालून दिला. संस्कृतातील 'इति' आणि मराठीतील 'असे', 'म्हणे' हीच कामगिरी करतात. 'चालता हो, असे तो म्हणाला' हे वाक्य ऐकून कोणी उठून जात नाही.

संपादनाच्या दृष्टीने यातून एक शिस्त हाती लागते. मूळ मजकूर आहे तसा जपावा. संकेतन करावे ते दाखवण्याच्या वेळी, एकदाच, आणि तो कोठे दिसणार आहे हे पाहून. आधीच संकेतन झालेल्या मजकुराचे पुन्हा संकेतन केले, तर पडद्यावर चिन्हाऐवजी त्याचे नावच उमटते. टीपांच्या ओझ्याखाली मूळ पाठ दिसेनासा झालेल्या आवृत्तीसारखे. देवाला एकेरीत खडसावणारी जनाबाई, किंवा सासरच्या माणसांना नावे ठेवणारी ओवी, संपादकाला अडचणीची वाटते, तेव्हा ती गाळण्याचा मोह होतो. गाळणे म्हणजे शुद्धीकरण, संकेतन नव्हे. 'हे तिचे बोलणे आहे' एवढे निःसंशय दाखवणे हे संपादकाचे काम; त्या बोलण्याची धार बोथट करणे हे नव्हे.

तरीही हे साम्य फार ताणता येत नाही. जात्यावरची ओवी ही मुळात केवळ दाखवायची गोष्ट नव्हतीच. ती खुंट्याच्या फेऱ्याशी बांधलेली होती. तिच्या लयीने हात चालत, शेजारी बसलेलीला पुढली ओवी गाण्याचे आवाहन तिच्यात असे. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या लाखाहून अधिक ओव्या आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियामुळे ब्राउझरमध्ये वाचता-ऐकता येतात, हे मोठेच काम आहे. पण पडद्यावर सुरक्षित उमटलेली ओवी आता कोणालाही काही करायला सांगत नाही. यंत्राला चिन्ह अक्षर आहे की आज्ञा, याचा एकच निर्णय करावा लागतो. ओवी दोन्ही होती.

संग्राहकाने अधिकार स्थगित केला नाही तर ओवी उरत नाही, आणि समीक्षकाने तो वाचनात पुन्हा जागा केला नाही तर उरलेली ओवी मुकी राहते. यातले पहिले काम आज यंत्र बिनचूक करू शकते. दुसरे आपल्यालाच करावे लागणार आहे.